थिन क्लायंटला व्हायरस लागत नाही म्हणे!

ताईच्या ऑफिसात चौदा माणसं बसतात. हिशेब, कर, फायलिंग असलं काम. पीसी सगळे जुने झालेत, विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा काहीतरी करायला हवं हे खरंच. तेवढ्यात तिच्याकडे थिन क्लायंट घ्यायला सांगणारा तो फॉरवर्ड पोचला. मला तो आधी तीन ग्रुपवरून आला होता आणि तिन्ही वेळा मी पुसला होता. या वेळी पुसता आला नाही, कारण खाली ताईचा मेसेज होता: "चौदा डबे सांगितलेत, सोमवारी पैसे देते. बरोबर ना?"

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: पीसी काढा, थिन क्लायंट लावा, म्हणजे असे छोटे डबे ज्यांचं सगळं काम दुसऱ्या मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर, चालतं. त्यात व्हायरस येऊच शकत नाही, म्हणून अँटिव्हायरस नको आणि अपडेटही बंद ठेवा. एका बऱ्यापैकी पीसीवर वीस जण चालतात, विंडोज एकच विकत घ्या. डबा कुठलाही चालतो, सगळे सारखेच. वीज वाचते. आयटीवाला लागत नाही. आणि अर्थातच, पुढे पाठवा.

आधी व्हायरसचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच वाक्य करणार आहे. युक्तिवाद काय, तर डब्यात हार्ड डिस्कच नाही, मग व्हायरस राहणार कुठे? अहो, जिथे काम चालतं तिथे राहणार! थिन क्लायंट म्हणजे लांब वायरीचा पडदा आणि कीबोर्ड. एक्सेल, ब्राउझर, मेल हे सगळं सर्व्हरवर चालतं, डब्याकडे येतं ते नुसतं चित्र. कोणी मेलमधलं खोटं बिल उघडलं तर ते सर्व्हरवर उघडतं. पूर्वी सुरुवात निदान एका टेबलावरच्या पीसीपासून झाली असती. आता ती थेट त्या मशीनवर होते जिथे चौदाही जण एकाच वेळी बसलेत आणि सगळ्यांचे फोल्डर हाताशी आहेत. फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला आणखी काय हवं?

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकतो. विंडोज असलेल्या थिन क्लायंटमध्ये राइट फिल्टर नावाची सोय असते. दिवसभरात डब्यात जे काही बदललं ते रीस्टार्ट केलं की पुसलं जातं, त्यात घाणही जाते. पण बाकीचंही जातं. एका ऑफिसात मी एक बाई बघितल्या, ज्या रोज सकाळी येऊन आपला लेबल प्रिंटर नव्याने जोडायच्या. त्यांना वाटायचं प्रिंटरच खराब आहे. फिल्टर बंद करून ड्रायव्हर टाकायचा आणि फिल्टर पुन्हा चालू करायचा, हे कोणी केलंच नव्हतं. सुरक्षेच्या अपडेटचीही तीच गत. फिल्टरचा विचार न करता टाकलेली अपडेट रीस्टार्टबरोबर गायब.

आणि डबाही काही सोवळ्यात नसतो. डिसेंबर २०२० मध्ये सायबरएमडीएक्स या सुरक्षा कंपनीने डेल कंपनीच्या वाइज नावाच्या थिन क्लायंटमधल्या दोन त्रुटी जाहीर केल्या; त्यांचे नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२०-२९४९१ आणि सीव्हीई-२०२०-२९४९२. गांभीर्य दोन्हींचं १० पैकी १०. हे डबे विंडोजवर नव्हे, थिनओएस या डेलच्या स्वतःच्या सिस्टिमवर चालणारे, आवृत्ती ८.६ आणि त्याआधीच्या. म्हणजे फॉरवर्डवाल्याच्या स्वप्नातलाच डबा. त्याची सेटिंग फायली ठेवायच्या एफटीपी सर्व्हरवरच्या एका आयएनआय फाइलमध्ये असायची, चालू होताना डबा ती उचलायचा, आणि त्या एफटीपीला पासवर्डच नसायचा. नेटवर्कवरच्या कोणीही फाइल वाचावी आणि हवं तर बदलावी. फाइल बदलली की डबा कुठे जोडायचा आणि त्याचा पडदा दुरून कोणी बघायचा, हे सगळं बदलणाऱ्याच्या हातात. उपाय काय सांगितला? थिनओएस ९ वर जा. म्हणजे अपडेट करा! जी गोष्ट फॉरवर्ड बंद ठेवायला सांगतो, तीच.

ताईला सांगितलेल्या डब्यांचं मॉडेल मी विचारलं, तर ते "जवळजवळ नवे" निघाले. जवळजवळ नव्या थिन क्लायंटमध्ये चेहरामोहरा बघून काही कळत नाही. पंखा नाही, फिरणारा भाग नाही, डबा वर्षानुवर्षं तसाच दिसतो. विचारायचं ते एवढंच, की या मॉडेलला फर्मवेअर, म्हणजे डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरची, अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार. विक्रेत्याने उत्तर म्हणून तोच फॉरवर्ड पाठवला.

आता 'एका पीसीवर वीस जण, विंडोज एकच'. साध्या विंडोजवर दुरून एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. वीस जण बसवायचे तर टर्मएसआरव्ही ही सिस्टिम फाइल बदलायची, असा 'जुगाड' फॉरवर्डच्या दुसऱ्या पानावर आहे. तो लायसन्सच्या विरुद्ध आहेच, शिवाय अपडेट आली की ती फाइल पुन्हा मूळची होते आणि वीसचे वीस बाहेर. मग अपडेट बंद ठेवा! आता कळलं वरचा सल्ला कुठून आला ते?

सरळ मार्ग विंडोज सर्व्हरचा. त्यात सर्व्हरच्या नेहमीच्या कॅलशिवाय (कॅल म्हणजे सर्व्हर वापरायचं लायसन्स) रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची, म्हणजे दुरून काम करायच्या सोयीची, वेगळी कॅल लागते, माणशी किंवा डब्यामागे. एकाच टेबलावर दोन पाळ्यांत दोन माणसं बसत असतील तर डब्यामागे घ्या. तोच माणूस घरच्या लॅपटॉपवरूनही आत येत असेल तर माणशी. मायक्रोसॉफ्ट या कॅलशिवाय १२० दिवस चालवायची सवलत देतं, आणि सगळा घोळ त्या सवलतीत आहे. एका ऑफिसात चार महिने सगळं झकास चाललं होतं. मग एका सकाळी एकही जण आत जाईना. सर्व्हर धडधाकट, नेटवर्क धडधाकट, वायरी उपसून पुन्हा खोचून झाल्या. ज्याने बसवून दिलं तो "लायसन्स नंतर बघू" म्हणून गेला होता. ते 'नंतर' त्या दिवशी उजाडलं.

सर्व्हर किती मोठा हवा, याचं उत्तर 'बऱ्यापैकी' असं नसतं. एकाने पन्नास हजार ओळींच्या शीटवर फॉर्म्युला ओढला की बाकी तेरा जणांचा माउस अडखळतो. तो सर्व्हर एकच असेल आणि बसला, तर चौदा जण चहा प्यायला मोकळे.

डबे सगळे सारखेच? ताईकडे दोन-दोन पडद्यांवर काम चालतं. डब्याला दोन पडदे जोडता येतात का, हे आधी बघा. ४के पडदा असेल तर जुन्या एचडीएमआय १.४ वर तो सेकंदाला ३० चित्रांच्या पुढे जात नाही आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. डिजिटल सहीचं टोकन आणि स्कॅनर यूएसबीतून सर्व्हरपर्यंत पोचतात का, हे तर कागदावर कळतच नाही. पोचेल म्हणतात, आणि नेमकं तेच टोकन पोचत नाही.

वीज वाचते, हे मान्य. टेबलावरची नक्की वाचते. फक्त सर्व्हर आणि त्याची खोली थंड ठेवणारा एसी यांचं बिल त्यात धरा. चौदा जणांत हिशेब जमू शकतो, चार जणांत मला शंका आहे.

आयटीवाला लागत नाही, यावर काय बोलणार! तो टेबलाखालून उठून सर्व्हरच्या खोलीत जातो, एवढंच. चौदा डब्यांना एका जागेवरून एकच सेटिंग देता येते, हा थिन क्लायंटचा खरा फायदा. चुकीची सेटिंगही चौदांना एकदम जाते.

ताईला थिन क्लायंट घेऊच नको असं मी म्हटलेलं नाही. तिचं काम एकाच छापाचं आहे, ते जमेल. फक्त सोमवारचे पैसे थांबवायला सांगितले आणि चौदाऐवजी एक डबा परतीच्या बोलीवर आणवला. तो तिच्या केबिनमध्ये नाही, ज्या मुलीकडे टोकन, स्कॅनर आणि दोन पडदे आहेत तिच्या टेबलावर लावायचा, आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख त्याच्यावर काढायची. जुना पीसी तोवर टेबलाखाली राहील, वायरी न काढता.