जात्यावर दळलं की बाळंतपण सोपं?

"पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, आडाचं पाणी शेंदायच्या, म्हणून घरच्या घरी सहज बाळंत व्हायच्या. आताच्या मुलींना कष्ट नकोत, म्हणून सिझर लागतं." घरच्या ग्रुपवर हे अधूनमधून फिरत असतं. त्याच घरात कुणाला दिवस गेलेले असतात आणि तीही ते वाचते. म्हणून हे उत्तर.

'सहज' म्हणे! देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात हजार जन्मांमागे साधारण २० बायका दगावत होत्या, म्हणजे लाखाला २०००. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात हा आकडा लाखाला ३३ वर आला होता. आकडे बाजूला ठेवा, नुसती आपली भाषा ऐका. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपणच म्हणतो. 'बिजवर' हा शब्द घरोघरी लागायचा, कारण पहिलीच्या मागे दुसरी आणावी लागे. पाचवीच्या रात्री बाळापाशी जागतात. नाळेतून होणारा धनुर्वात बाळाला बहुधा पहिल्या आठवड्यातच गाठतो. त्या जागरणामागची धास्ती खोटी नव्हती. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच.

"तेव्हा सिझर नव्हतं" हे बहुतेकींपुरतं खरंच आहे. सुईणी कसबी होत्या, पोटावरून हात फिरवून मूल वळवायच्या. पण आडवं मूल नाहीच फिरलं, तर आई आणि मूल दोघंही जात. त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही.

आता जातं. गरोदरपणी हालचाल हवी, हे डॉक्टरही सांगतात. पण जात्यावरची बाई भल्या पहाटे उठून, हाताला घट्टे पडेपर्यंत खुंटा ओढायची आणि जेवायची सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर. अशा अशक्त बाईच्या अंगावरून जरा जास्त गेलं तरी जिवावर बेतायचं. त्यात वय. मुलीचं लग्नाचं वय किमान १४ असावं, यासाठी १९२९ साली शारदा कायदा करावा लागला. पुरती वाढ न झालेल्या कमरेतून मूल बाहेर यायचं, तिथे दळण काय कामाचं?

सिझर गरजेपेक्षा जास्त होतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४. पण सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या बायकाही दळण गिरणीतूनच आणतात. त्यामुळे हा जाब खासगी दवाखान्याला विचारा, सुनेला नको.

आणि मजकूर पुढे ढकलण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. "किती झाली, किती राहिली?" एवढंच विचारा. ती बोटांवर मोजायला लागेल.