परत येणाऱ्याला पंगतीत जागा आहे का?

गेल्या रविवारी मिरजेहून मामेभावाचा फोन आला. गावात धर्मांतराविरुद्ध मोर्चा निघणार होता. कडक कायदा झालाच पाहिजे, असं तो तावातावानं सांगत होता. शेवटी म्हणाला, "दादा, तुमच्या तिकडे कॅरिबियन बेटावर, त्रिनिदादमध्ये लोक परत हिंदू होतायत म्हणे. तेवढं लिहून पाठव, सभेत वाचून दाखवतो."

लिहितो. पण अर्धं नाही, सगळं.

इथं पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर, 30 मे 1845 रोजी उतरले. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. ऊसमळ्यातल्या त्यांच्या पोरांना शाळेत घ्यायला कुणी तयार नव्हतं. 1868 साली कॅनडाहून जॉन मॉर्टन हे मिशनरी आले आणि त्यांनी खास या पोरांसाठी शाळा काढल्या. मी राहतो त्या सान फर्नांडोतल्या त्यांच्या मिशनच्या चर्चचं नाव आजही 'सुसमाचार' आहे. त्या शाळांमुळे हातात पाटी आली, हे इथले हिंदूही कृतज्ञतेनं सांगतात. पण मास्तरकी हवी तर बाप्तिस्मा घ्यावा लागे, हेही घराघरांत ऐकू येतं. शिवाय हिंदू रीतीनं लागलेलं लग्न 1946 पर्यंत कायद्याला मान्यच नव्हतं. सप्तपदी झालेल्या आईबापांची मुलं सरकारदरबारी अनौरस!

मग लोक परत हिंदू व्हायला लागले, वारं फिरलं, ते कशानं? 1946 ला विवाहाचा कायदा झाला. 1952 पासून सनातन धर्म महासभेनं गावोगाव शाळा उभ्या केल्या. पोटासाठी नाव बदलायची गरज उरली नाही. कुणाला दम द्यावा लागला नाही.

माझ्या शेजारच्या आजींचे वडील असेच मास्तरकीसाठी ख्रिस्ती झाले. आजींची नात आता मंदिरात हार्मोनियम वाजवते, तिथल्याच मुलाशी तिचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी जात विचारली नाही. समुद्र ओलांडताना ती बंधनं बरीचशी गळून पडली होती. गोत्र ठाऊक नव्हतं, तर पंडितजी म्हणाले, काश्यप लावू. आजी मात्र चर्चला जातात. गुड फ्रायडेला त्या सिपारियाच्या मेरीमातेला जातात, तिथं हिंदू बायकाही 'सिपारी माई' म्हणून तेल-फुलं वाहतात, बाळांचं जावळ काढतात. मला आपल्या मिरजेचा ख्वाजा शमना मीरांचा उरूस आठवतो. अशा माणसांना कोणत्या कचेरीत कोणता अर्ज भरायला लावायचा? फसवणूक, जबरदस्ती झाली तर त्याला शिक्षा हवीच. पण राजीखुशीनं देव बदलणाऱ्याला कलेक्टरची परवानगी कशाला?

आता आपल्याकडचं. फलटणच्या बजाजी निंबाळकरांना शिवाजी महाराजांनी परत हिंदू करून घेतलं, हे प्रत्येक सभेत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. महाराजांनी आपली लेक सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजींना दिली. शुद्धीचा विधी भटजी करतील. लेक देणं कुणाच्या हातात आहे?

सर्वोच्च न्यायालयानंही 2015 च्या एका निकालात हेच धरलं. ख्रिस्ती घरातल्या माणसाला मूळ धर्मात येऊन अनुसूचित जातीचा दाखला हवा असेल, तर परत आल्याबरोबरच समाजानं स्वीकारल्याचंही सिद्ध करावं लागतं. म्हणजे परतताना वाटेत जात उभीच. आणि ज्या जातीच्या जाचामुळे आजा बाहेर पडला, तिथंच नातवाला बसायला सांगायचं, तर त्यानं का यावं? बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकले, तिथंही त्यांना वर्गात वेगळं बसावं लागलं होतं. 1956 साली ते बाहेर पडले, ते पैशाच्या आमिषानं नव्हे.

हे सगळं मी फोनवर मामेभावाला सांगितलं. मग विचारलं, मिशन हॉस्पिटलजवळचा आपला ख्रिस्ती वर्गमित्र उद्या हिंदू व्हायचं म्हणाला, तर त्याच्या मुलाला आपल्या घरातली मुलगी देशील? तो म्हणाला, "तो विषय वेगळा आहे, दादा."

पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन करणार आहे. या वेळी मामीही फोनवर असू दे, असं त्याला सांगून ठेवलंय.