कारण : व्यवसायवाढ

ॲनालिटिकल प्रोसिजर, म्हणजे हिशोबातले आकडे एकमेकांशी पटतात का हे ताडून बघायची ऑडिटची पद्धत, म्हटलं की नवी पोरं बिचकतात. त्यावरचं ऑडिटचं मानक, एसए ५२०, उघडून बसतात. ऑडिटरने आधी स्वतःचा अंदाज बांधावा, तो ज्या माहितीवर बांधला ती भरवशाची आहे का ते पाहावं, किती फरक चालवून घ्यायचा ते ठरवावं, आणि मग पुस्तकातला आकडा ताडून पाहावा, असलं काहीबाही वाचून डोकं धरतात. पोरांनो, एवढा ताप घेऊ नका. मागच्या आठवड्यात नाशिकच्या अंबडमधल्या एका प्रेस शॉपचं, म्हणजे पत्र्याचे पार्ट कापणाऱ्या कारखान्याचं, ऑडिट आमच्याकडे आलं. त्यात आधीच्या ऑडिटर साहेबांची व्हेरिएन्स शीट, म्हणजे दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक आणि त्याचं कारण लिहायचा तक्ता, बघायला मिळाली. शीट क्लायंटच्या अकाउंटंटकडेच होती, कारण भरली त्यानेच होती. एवढी सोपी वाट असताना आपण उगाच रात्री जागतो. तेव्हा म्हटलं, चार युक्त्या सगळ्यांना सांगून टाकाव्यात.

अंदाज बांधायच्या फंदात पडू नका. मागच्या वर्षीचा आकडा हाच अंदाज. जुळला की 'समाधानकारक' लिहायचं. आता कोणी विचारेल, काही वर्षी आकडा जुळणं हीच भानगड असते, त्याचं काय? लासलगावच्या एखाद्या कांदा निर्यातदाराचं उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. सरकारी मार्गाने काही देशांना परवानगी मिळाली तेवढी सोडा. त्या जानेवारी ते मार्चची त्याची निर्यात आदल्या वर्षाएवढीच दिसली, तर फरक शून्य. फरक शून्य म्हणजे प्रश्न शून्य. निफाड तालुक्यातल्या शेंबड्या पोराला त्या वर्षी बंदी माहीत होती, पण ते पोर आपल्या ऑडिट टीममध्ये नाही ना.

तुलना नेहमी वर्षाची वर्षाशी करा. महिन्यांची फोड कधी मागू नका. वर्ष संपता संपता मार्चमध्ये फुगवलेली विक्री दिसते त्यात.

कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे त्यात ठरवून दिलेलं कुठलंही गुणोत्तर आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त हललं की खुलासा द्यावा लागतो. २४ वर थांबलं तर देवाची कृपा समजा आणि देवाला प्रश्न विचारू नका.

टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मात ४० नंबरच्या कलमात ग्रॉस प्रॉफिट आणि स्टॉकची उलाढालीशी गुणोत्तरं येतात. ती सगळ्यात शेवटी, पोर्टल लटकलेलं असताना, मुदतवाढीचा मेसेज येतो का ते बघत भरावीत. चुकून वाचली जाण्याचा धोका राहत नाही.

आता 'कारण' हा रकाना. यासाठी दोनच शब्द पाठ करा. आकडा वाढला तर 'व्यवसायवाढ', कमी झाला तर 'काटकसर'. त्या शीटमध्ये प्रवासखर्च वाढला, कारण व्यवसायवाढ. बुडीत येणी वाढली, व्यवसायवाढ. जीएसटीची लेट फी वाढली, तीही व्यवसायवाढ. व्यवसाय इतका वाढला की रिटर्न भरायला वेळ मिळाला नाही, असं असावं.

आणि वीज? वीजखर्च जवळपास तेवढाच. कारण : काटकसर.

इथे जरा थांबतो, कारण त्या रकान्यापाशी माझा चहा गार झाला. विक्री तिसऱ्या हिश्शाने वाढलेली. माल तोच, भाव तोच, गिऱ्हाइकं तीच, अधिक एक नवी कंपनी, जिचा पत्ता मालकाच्या घराचा. आता प्रेस शॉपमध्ये काय होतं? पत्रा येतो, डायखाली म्हणजे साच्याखाली जातो, पार्ट पडतो आणि कापून उरलेला पत्रा भंगारात जातो. पार्ट तोच, डाय तीच, पत्र्याची जाडी तीच, तर दर टनामागे भंगारही साधारण तेवढंच पडणार. उत्पादन तिसऱ्या हिश्शाने वाढलं तर भंगारविक्री वाढायला हवी. ती उलट घटली. कारण : काटकसर! भंगारात काटकसर कशी करतात? प्रेसला सांगतात का, बाई, जरा जपून काप? बरं, काम बाहेर दिलं असेल म्हणावं तर जॉबवर्कचा खर्च जैसे थे. ओव्हरटाइम जैसे थे. माल पाठवायचं भाडं जैसे थे. म्हणजे जास्तीचा माल विजेशिवाय, माणसांशिवाय बनला आणि ट्रकशिवाय चालत गेला. महिन्यांची फोड काढली तर वाढ सगळी फेब्रुवारी-मार्चमधली. एप्रिलमध्ये त्याच बिलांच्या क्रेडिट नोटा, म्हणजे विक्री परत फिरवलेली. मधल्या काळात बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, वाढवून झाली होती, हे सांगायला नकोच.

आणि शीटच्या तळाशी सही. हिरव्या शाईची टिकसुद्धा.

अहो साहेब, काय चाललंय हे? कॅनडा कॉर्नरवरून अंबड काय लंडनला आहे? पाथर्डी फाट्याचा ट्रॅफिक धरला तरी जेवायच्या आत परत येता. एकदा शॉप फ्लोअरवर उभं राहिलात असतात तर सहापैकी दोन प्रेसवर धूळ दिसली असती. मॅनेजमेंटने कारण सांगितलं की त्याला पुरावा मागायचा असतो, हे त्याच ५२० मध्ये लिहिलंय. तुम्ही कारणही त्यांच्याकडून घेतलंत, शीटही त्यांच्याकडूनच भरून घेतलीत आणि फी मात्र तुम्ही घेतलीत. वर तुमच्याकडे दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करणाऱ्या पोरांना हेच शिकवताय. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला विचारलं, विजेचा खर्च रुपयांत बघायचा की युनिटमध्ये? तो गप्प. दर बदलतात, डिमांड चार्ज, म्हणजे विजेच्या मागणीवरचा आकार, वेगळा असतो, म्हणून युनिट बघायची, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

बारा महिन्यांची महावितरणची बिलं मागवायची. त्यांतले युनिट अकाउंटंटला खोडता येत नाहीत. बेरीज करायची, उत्पादनाच्या टनांनी भागायची, आदल्या वर्षाशी लावून बघायची. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढंही होत नसेल तर ऑडिट घेऊ नका. जीएसटीची रिटर्न भरा, त्यातही पैसा आहे.