पायडॉकचा पाहुणचार

आपल्या संगणकात बसवलेल्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररींची (म्हणजे तयार कोडच्या संग्रहांची) माहिती पाहण्यासाठी इंटरनेट लागत नाही, असे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. २००१ साली आलेल्या पायथन २.१ पासून पायडॉक नावाचे, ही माहिती दाखवणारे साधन पायथनसोबतच मिळते. 'पायथन -एम पायडॉक -बी' अशी आज्ञा दिली, की आपल्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर सुरू होतो आणि ब्राउझरमध्ये सगळ्या मॉड्यूलांची, म्हणजे पायथन कोडच्या फायलींची, यादी उघडते. चालू फोल्डरमधल्या आपल्या फायलीही तीत असल्यामुळे, नामवंत लायब्ररींच्या पंगतीला माझी 'टेस्ट_फायनल_२' सुद्धा ऐटीत बसलेली दिसते.

मात्र पायडॉक कोणत्याही मॉड्यूलची माहिती देण्यापूर्वी ते इम्पोर्ट करते, म्हणजे त्यातला फंक्शनांबाहेरचा मोकळा कोड चक्क चालवते. स्थळाची नुसती पत्रिका मागवावी आणि वाजंत्र्यांसह वरातच दारात यावी, तसा हा प्रकार आहे. पायथनमधल्या 'अँटिग्रॅव्हिटी' या गमतीच्या मॉड्यूलची माहिती मागून पाहावी: ब्राउझर थेट इंटरनेटवरच्या एका व्यंगचित्राकडे धावतो आणि जाणकारांचे ते पहिले विधान तिथेच आडवे होते.

कधी कधी तर, काल स्वतःच्या हाताने बसवलेल्या लायब्ररीविषयीही 'माहिती सापडली नाही' असे कोरडे उत्तर मिळते, कारण लायब्ररी एका व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या मांडलेल्या चुलीत, असते आणि आपण विचारत असतो भलत्याच पायथनला. योग्य पायथन गाठले, की 'लोड_कॉन्फिग' या फंक्शनखाली 'कॉन्फिग लोड करते' एवढाच खुलासा वाचायला मिळतो. उलट, कोणी न विचारलेल्या '__वीकरेफ__' या पायथनच्या अंतर्गत गुणधर्माची नोंद मात्र क्लासमागून क्लास न चुकता हजर असते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, वाचत असाल तर पानाच्या तळाशी 'एंड' येऊनही सुटका होत नाही, त्यासाठी 'क्यू' दाबावे लागते, आणि हे नवख्या माणसाला कोणीच सांगितलेले नसते.

तरीही पायडॉकच्या चिकाटीला मी मानतो. डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या आतच लिहिलेला खुलासा, नसेल तर ते फंक्शनच्या लगेच वर लिहिलेली टिप्पणी उचलून आणते, आणि त्यामुळे आमच्या कार्यालयातील एका जुन्या फंक्शनखाली माहिती म्हणून असे झळकते: 'हे कसे चालते ते कळलेले नाही, कृपया हात लावू नये.' इतके स्पष्ट आणि उपयुक्त दस्तऐवजीकरण मी अन्य कोणत्याही लायब्ररीत वाचलेले नाही.