कृपेचा फ्लेक्स

विषय निघाला फ्लेक्सवरून. हनुमान जयंतीला नागपुरात चौकाचौकात महाप्रसाद असतो. यंदा आमच्या चौकातला सगळा खर्च बाल्याचा. फ्लेक्सवर मारुती कोपऱ्यात, बाल्या मधोमध आणि खाली ठळक अक्षरं: 'सर्व काही देवाची कृपा'.

"देवापेक्षा तूच मोठा दिसून राहिला बे," तर्री-पोह्यावर लिंबू पिळता पिळता पिंट्यानं काडी टाकली.

बाल्याच्या हिंगण्याकडच्या शेताचा तुकडा समृद्धी महामार्गात गेला. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याची सुरुवातच हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याहून. थेट खरेदीत मोबदला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत होता. तोवर हा ऑटो चालवायचा.

"मी पैसा दारूत उडवला का? देवाले देल्लं, लोकाइले खाऊ घालून राहिलो. चुकलं काय, सांग न."

खरंच आहे ते. मोबदला आला नि दोन वर्षांत संपला, अशी घरं त्या पट्ट्यात कमी नाहीत. फोटोचंही मला काही वाटत नाही. आपल्याकडे वाढदिवसालाही फ्लेक्स लागतात. मला खटकली ती कृपाच. आखणीची रेघ बाल्याच्या शेतातून गेली, बांधाला लागून असलेल्या चुलतभावाच्या शेतातून नाही. मग देव काय त्याच्यावर रुसला होता? कृपा कृपा म्हणत माणूस हळूच देवाच्या लाडक्यांत जाऊन बसतो. वरून बोलणं इतकं नम्र, की कोणी टोकतही नाही.

हे बोललो तर बाल्या भडकला. "मंग काय लिहू? माह्या अक्कलेनं भेटला, असं लिहू?"

सवाल बिनतोड होता. मी पोह्यात चमचा फिरवत बसलो. बोलले ते मास्तर. त्यांचा जन्म वर्धेकडच्या खेड्यातला, घरी बैलजोडी होती.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतेत, पायलं का तू? तूप-हळद घेऊन हातानं चोळा लागते. जुवानं घट्टे पडले असते न, तिथंच. अन् बैलाले म्हणा लागते, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. पीक देवानंच देल्लं, कास्तकार नाई कुठं म्हणते? पण तो खांदा चोळल्याबिगर त्याचा पोळा होत नाई. गाडगेबाबानं तं नाशिक-पंढरपुरात धर्मशाळा उभ्या केल्या, हातात शेवटपर्यंत खराटा अन् गाडगंच."

"मास्तर, माह्या पैशात कोणाचा खांदा आहे? ना बैल, ना नांगर. सरकारनं मोजलं, खात्यात टाकलं."

"तेच तं," पिंट्या म्हणाला. "घाम तुहा नाई, बैलाचाही नाई. फुकटात आलेल्यावर तं जास्तच वाकाव लागते बे. चुलतभावाची वहिवाट तुह्या उरलेल्या तुकड्यातून हाय न? तारेचं कंपाउंड घातलं तू. पावसाळ्यात तो बंडी घेऊन कुठून जाते, इचारलं कधी? महाप्रसाद चौकात कर नाई तं नको करू. त्याले रस्ता दे."

बाल्यानं प्लेट खाली ठेवली. "रस्ता देल्ला तं प्लॉटिंगचा भाव पडते न बे!"

पोहेवालाही हसला. मास्तर म्हणाले, "घ्या. बजरंगबलीची कृपा!"

फ्लेक्स अजून तसाच आहे. कंपाउंडचं विचारलं की बाल्या म्हणतो, "पाहू न, दिवाळीनंतर." पिंट्यानं मात्र आत्ताच बजावलंय, की रस्ता मिळेपर्यंत महाप्रसादाची बुंदी वाढायला तो उभा राहणार नाही. खायला येणार आहे.