डोंबिवलीकर, आधी राउटरचं ते एक पान उघडा

डोंबिवलीकर, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ऑफिसमधून घरचा कॉम्प्युटर उघडणं ही साधी गोष्ट आहे, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आरडीपीचं दार) फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन त्या कॉम्प्युटरकडे वळवलं, की झालं, आणि मी उगाच बाऊ करून लोकांना घाबरवतोय आणि व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून घरापर्यंतच्या खासगी, सुरक्षित वाटेच्या) मागे लावतोय. पण शेवटच्या ओळीत तुम्हीच लिहिलंय की पोर्ट फॉरवर्ड केलाय तरी बीकेसीतल्या ऑफिसातून कनेक्ट होत नाहीये. मग सेटिंग परत परत बदलण्याआधी गाडी नेमकी कुठे अडतेय ते बघू ना, घरात, इंटरनेट प्रोव्हायडरकडे की ऑफिसात. विंडोजच्या एररवर विसंबू नका, रिमोट अॅक्सेस चालू नाही, कॉम्प्युटर बंद आहे किंवा नेटवर्कवर सापडत नाही, ही तीन कारणं तो एकाच खिडकीत देतो आणि त्यातलं खरं कोणतं ते सांगत नाही.

घरी गेल्यावर राउटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ वर असतं. स्टेटसमध्ये वॅन आयपी म्हणून आकडा दिसेल, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, तो लिहून घ्या, आणि त्याच वायफायवरून गूगलला स्वतःचा आयपी विचारा. दोन्ही सेम असले तर उत्तम. वेगळे असले आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे प्रोव्हायडरने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटून दिलाय. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून २०१२ मध्ये ही रेंज खास यासाठीच राखून ठेवली गेली. माझ्या मावशीकडे ठाण्याला हेच निघालं, वॅन आयपीसमोर १००.७२ ने सुरू होणारा आकडा, आणि खाली फॉरवर्डिंगचे नियम सगळे बरोब्बर भरलेले! बाहेरून येणारं कनेक्शन प्रोव्हायडरच्याच मशीनवर अडतं, तुमच्या राउटरला त्याचा पत्ताच नसतो, मग तिथे कितीही पोर्ट उघडा. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक प्रोव्हायडरचा डबा पुढे आणि तुमचा राउटर मागे असं डबल नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा, झालंय, ते त्या डब्यात सेटिंग करून सुटू शकतं.

आणि सीजीनॅट नसला तरी ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हे मी परत सांगणार. तुम्ही म्हणता पोर्ट बदलून ३३९० केला की कोणाला कळतंय, पण स्कॅन करणारे बॉट सगळेच पोर्ट चाचपतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचा दोष बाहेर आला, जुन्या विंडोजमध्ये पासवर्ड न देताच आरडीपीतून आत शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्तीचा पॅच काढला. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर मुलांचे फोटो असतील, पॅनचे स्कॅन असतील, बँकेचे कागद असतील. मला काळजी त्याची आहे.

दुसरं, तुमची विंडोज होम एडिशन आहे का ते बघा. होममधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं पण होमच्या कॉम्प्युटरवर आरडीपीने कोणी येऊ शकत नाही, त्याला प्रो लागतं. प्रो असेल तर पिन टाकू नका, पिन त्या कॉम्प्युटरपुरता असतो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड द्या. कॉम्प्युटर स्लीपला जात असेल तर तुम्ही लोकलमध्ये चढेपर्यंत तो झोपलेला असणार, ते बंद करा. पावसाळ्यात लाईट जाऊन आली की तो आपोआप चालू व्हावा यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानात, वेगळं सेटिंग असतं.

टेस्ट करताना घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून बघू नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारं कनेक्शन घेतच नाहीत आणि विनाकारण डोकं फिरतं. मोबाईल डेटावर हॉटस्पॉट करून बघा. तिथून लागलं आणि ऑफिसातून नाही, तर ऑफिसची फायरवॉल अडवतेय. मग आयटीवाल्यांना सरळ विचारा, ते नाही म्हणाले तर विषय संपला, चोरवाटेने टूल चालवून नोकरी धोक्यात घालू नका.

सीजीनॅटवर उपाय दोनच बरे वाटतात मला. प्रोव्हायडरकडे पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक आयपी घ्या, पण त्यावरही व्हीपीएन लावाच. नाहीतर टेलस्केल हा तयार व्हीपीएन, त्यात घरचा कॉम्प्युटर स्वतः बाहेर कनेक्शन करतो म्हणून फॉरवर्डिंग लागत नाही, आणि वैयक्तिक वापराला फुकट आहे. तोही १००.६४ च्याच रेंजमधला पत्ता देतो, तेव्हा तो वॅन आयपी समजू नका. होम एडिशन असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप लावा. पण यातलं काहीही ऑफिसच्या मशीनवर टाकायचं म्हणजे आयटीची परवानगी हवीच.

आज रात्री ते पान बघा आणि वॅन आयपीचे फक्त पहिले दोन भाग (१००.७२ असे) इथे लिहा, पूर्ण आयपी टाकू नका, मग पुढे बघू.