खबीब नुसता पैलवान नव्हता

यात्रांचा हंगाम आला की लातूरच्या आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो आधी बीडच्या मेहुण्याने पाठवला, मग परभणीच्या मित्राने. सोबत लहानगा खबीब अस्वलाच्या पिल्लाशी झुंजतोय तो व्हिडिओ. मजकूर असा: ‘खबीब २९ लढती लढला, एकही हरला नाही, आणि तो होता नुसता पैलवान. यूएफसीच्या पिंजऱ्यात नियम नसतात. आपल्या लाल मातीतला कुठलाही गडी सहा महिने ठोसे शिकला तर तिथं करोडो कमावेल.’

यूएफसी म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या, पिंजऱ्यात होणाऱ्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी. वाचून छाती फुगते, खोटं कशाला बोलू. मीही सात वर्षं तालमीच्या हौद्यात घाम गाळलाय. पण शेजारचा पोरगा हे वाचून, बारावी अर्धवट सोडून ठोसे शिकायला पुण्याला निघतो म्हणाला, तेव्हा मात्र उत्तर लिहायला बसलो.

आधी ते ‘नुसता पैलवान’. खबीब नुर्मागोमेदोव रशियाच्या दागेस्तानातल्या सिल्दी गावचा. बाप अब्दुलमनाप हाच वस्ताद, आणि घराच्या तळमजल्यावरच तालीम. इथवर गोष्ट आपलीच वाटते. पुढची मेसेजमध्ये नाही. कुस्तीनंतर पोराला ज्युदोत घातलं, मग कॉम्बॅट साम्बो या रशियन खेळात. त्यात ठोसे, लाथा, सांधे पिळणं सगळं चालतं. २००९ आणि २०१० ला तो त्यात जगज्जेता झाला. व्यावसायिक लढती २००८ मध्ये सुरू केल्या आणि यूएफसीचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, मिळाला एप्रिल २०१८ मध्ये. सहा महिने कुठं आणि दहा वर्षं कुठं! त्यातही २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं दुखापतींनी खाल्ली.

आता त्याची शेवटची लढत बघा, ऑक्टोबर २०२०. समोर जस्टिन गेथजी, तोही अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीतला नावाजलेला. खबीबने दुसऱ्या फेरीत पायांचा त्रिकोण करून त्याची मान आवळली, आणि लढत संपली तेव्हा तो स्वतः पाठीवर होता. आपल्या हौद्यात पंचाने कधीच शिट्टी फुंकून त्याला चीत दिलं असतं. दोन्ही खेळांतला सगळा फरक या एका चित्रात आहे. आपल्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली. तिथं पाठ लागल्यावर खरी सुरू होते. आपण चीत व्हायचं टाळायला पोटावर पडून माती धरतो. पिंजऱ्यात तसं पडलात की समोरचा पाठीवर बसून गळ्यात हात घालतो.

खाली पडलेलाही जिंकू शकतो, हे रितू फोगाटला महागात पडलं. २०१७ मध्ये २३ वर्षांखालच्या जागतिक कुस्तीत रौप्य मिळवलेली पोरगी. सिंगापूरला जाऊन शिकली, नोव्हेंबर २०१९ पासून ओळीने चार लढती जिंकली. डिसेंबर २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियाई कंपनीच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सला तिनं खाली पाडलं, स्वतः वर राहिली, आणि खालून हात पिळला गेल्यामुळं हरली. आपला भरत खंडारेही कुस्तीतूनच तिकडं गेला. २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत मान अडकली. म्हणून हे दोघं कच्चे ठरत नाहीत. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, डोकं पुढं घालायची आणि वर राहिलो की जिंकलो मानायची आपली सवय तिथं अंगाशी येते, एवढंच.

नियम नसतात म्हणे! १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली स्पर्धा झाली तेव्हा खरंच नावापुरते होते. २००० साली न्यू जर्सीत सामाईक नियम ठरले. डोळ्यात बोट, डोक्याची धडक, जांघेत मार, मानेमागं ठोसा, सगळं बंद. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, पट्ट्यासाठी पाच, शिवाय वजनी गट.

या वजनाचं कुणी बोलतच नाही. खबीबचा गट ७० किलोचा. आपल्या यात्रेतल्या शेवटच्या, मानाच्या कुस्तीचे गडी शंभरीच्या घरात, दूध-तूप-बदामाच्या खुराकावर वाढलेले. मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना खबीबलाच दवाखान्यात न्यावं लागलं, लढत रद्द झाली.

राहिले करोडो. कॉनर मॅकग्रेगर या आयरिश लढवय्यासारख्या बड्या नावांना मिळतात, नाही कोण म्हणतं? यूएफसीत नव्याचा करार साधारण १०-१२ हजार डॉलरचा, जिंकला तर तितकेच आणखी, आणि वर्षात लढती दोन-तीन. त्यातून कर, प्रशिक्षक, मॅनेजर, दवाखाना. आणि हे यूएफसीपर्यंत पोचलेल्याचं. कुस्तीतच राहून पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक कांस्य आणलं, त्याला पोलीस उपअधीक्षकाची वर्दी मिळाली. हा मेसेज फिरवणाऱ्यांनी पोराच्या आईला हेही सांगावं.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. पकड, कंबर, मानेची ताकद, हजार बैठकांचा दम हे भांडवल आपल्या पोरांकडं आहेच. भांडवल आहे, दुकान अजून टाकायचंय.

पोरगा म्हणाला, “मग जाऊ नको का, काका?” म्हटलं, जा की, पण बारावी देऊन जा, आणि तोवर पाठीवर पडून लढायला शीक. परवा संध्याकाळी तालमीत गेलो तर हा मातीत उताणा, वरच्या गड्याला पायांनी रोखून धरलेला, आणि वस्ताद कडेवरून ओरडतायत, “अरे चीत झालास, ऊठ आता!”